अकरा किल्ल्या

सासूबाई जिन्यावर दिसायच्या आधी त्यांचा छल्ला ऐकू यायचा. ओंकारेश्वराच्या अंगाला, शनिवार पेठेतल्या त्या वाड्यात सगळं घर या आवाजावर चालायचं. आवाज कोठीकडे वळला की थोरली सून सूप घेऊन उभी राहायची, फडताळाकडे वळला की साखरेचा डबा घेऊन. तीन नातवंडांना तर कुठली किल्ली कुठल्या कुलपाला लागते हे नुसत्या खुळखुळाटावरून कळायचं. त्या हिशेबानं ती लपायची किंवा हजर व्हायची.

नववारी नेसून फोटो काढताना नवरीच्या कमरेला जो चांदीचा तुकडा खोचतात, तोच हा छल्ला. आता त्याला किल्ल्या नसतात, घुंगरू असतात. सासूबाईंचा छल्ला कामाचा होता. तळहाताच्या निम्म्या आकाराचं चांदीचं पान, त्यावर समोरासमोर दोन मोर, मागे कमरेला अडकवायचा आकडा, खाली तीन साखळ्या आणि तिन्हींना धरणारी एक कडी. त्यांच्या सासूबाईंनी जुने तोडे मोडून सोन्या मारुती चौकातल्या एका सोनाराकडून तो घडवून घेतला होता. डावीकडच्या मोराची मान पार गुळगुळीत झाली होती. काही द्यायचं की नाही हे ठरवताना सासूबाई अंगठा त्या मानेवर फिरवत, आणि बहुतेक वेळा नाही म्हणत.

कडीत अकरा किल्ल्या होत्या. कोठीची, फडताळाची, देवघरातल्या चांदीच्या पेटीची, माळ्यावरच्या दोन ट्रंकांची, तिजोरीची, आणखी कशाकशाच्या. एक किल्ली मागच्या बोळाकडच्या दाराची. ते दार कधीकाळी एका चोरीनंतर लावलं ते लावलंच होतं.

बाईच्या कपड्याला खिसा नव्हता तेव्हा तिचा सगळा संसार कमरेलाच असायचा. पैसे कनवटीला, पान-सुपारी, चुन्याची डबी नि अडकित्ता चंचीत, किल्ल्या छल्ल्याला. युरोपातही अठराव्या-एकोणिसाव्या शतकात घरधनिणी कमरेला असाच एक अलंकार अडकवत. त्याला शॅटलेन म्हणत. त्याच्या साखळ्यांना किल्ल्यांच्या जोडीला कात्री, अंगुस्तान, घड्याळ आणि सुया-चिमटे ठेवायची चिमुकली पेटी लोंबत असे. पुढे पुढे त्याला इतकं काही लटकू लागलं की तिकडच्या व्यंगचित्रकारांनाही विषय मिळाला. आपल्याकडे या रोजच्या वस्तूंची कदर फार थोड्यांनी केली. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास पुण्यात अडकित्ते, दिवे, वज्र्या, कुलपं जमवायला घेतली, तेव्हा लोकांना ते जुनं-पानं वाटलं असेल. आज बाजीराव रस्त्यावरच्या त्यांच्या संग्रहालयात एकेका अडकित्त्यासमोर माणसं खोळंबतात. मला विचाराल तर तलवारींच्या दालनापेक्षा तिथं इतिहास जास्त कळतो. तलवार लढाईला निघायची, अडकित्ता रोज निघायचा.

तर गोष्ट छल्ल्याची. वाड्यात दोन सुना.

थोरलीला येऊन बारा वर्षं झाली होती. घर तीच चालवायची, पण मागून मागून.

"आई, रवा हवाय दोन वाट्या."

"कशाला?"

"शिऱ्याला."

"आज कोण येणारंय?"

कोणी येणार नसलं तर शिरा व्हायचा नाही. थोरली लोभी नव्हती. पण तीन मुलांची आई झाल्यावरही साखरेच्या वाटीचा जबाब द्यावा लागला की माणसाच्या मनात एक गाठ बसते. तिची गाठ त्या छल्ल्यावर बसली होती. कधीतरी तो आपल्या कमरेला येईल, एवढ्या एका आशेवर तिनं पुष्कळ ऐकून घेतलं होतं.

धाकटी मूळची सासवडची. लग्नाआधी मामाकडे राहून सेवासदनात शिवण शिकलेली. रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं १९०९ साली उभ्या राहिलेल्या या संस्थेनं पुण्यातल्या कितीतरी बायकांच्या हाताला काम दिलं. धाकटीनं येताना पायमशीन आणलं आणि कमरेला बांधायची एक पिशवी. ताडपत्रीच्या तुकड्याची, आत सात-आठ कप्पे, वर झडप, दोन्ही बाजूंना बंद. छोटी कात्री, दाभण, अंगुस्तान, मेणाचा खडा, चिमटा, सेफ्टी पिना, मशीनचा स्क्रू ड्रायव्हर, तेलाची कुपी, स्टोव्हच्या पिना. सुया मात्र होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत, बूच लावून. पदराखाली ही पिशवी बांधून ती दिवसभर वावरायची. कुणाचा हूक तुटला, कुणाचा स्टोव्ह फुरफुरू लागला, कुणाच्या बोटात सल गेलं, की झडप उघडायची.

सासूबाईंना हे अजिबात पसंत नव्हतं. "चांगल्या घरची सून आणि न्हाव्यासारखी धोकटी बांधून हिंडते," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. थोरलीही हसायची. धाकटी गालातल्या गालात हसून पिशवीचा बंद घट्ट करायची.

त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे आषाढी उशिरा होती. ज्येष्ठ संपत आला तेव्हा सासूबाईंनी जाहीर केलं, "यंदा आषाढीला छल्ला उतरवणार. कुणाकडे द्यायचा ते बघते." हे 'बघते' थोरलीला लागलं. ज्येष्ठ सुनेला द्यायचा, यात बघायचं काय?

त्यांनी दोघींना वेगवेगळं बोलावून एकच गोष्ट विचारली. किल्ल्या हातात आल्या तर पहिल्यांदा काय करशील?

थोरली म्हणाली, "खरं सांगू? फडताळ उघडीन आणि दिवसभर उघडं ठेवीन."

सासूबाईंचा अंगठा मोराच्या मानेवर गेला.

धाकटी म्हणाली, "मला नको आई. एवढं वजन कमरेला असलं की मशीनवर वाकता येत नाही."

हे उत्तर तर त्यांना त्याहून उद्धट वाटलं. दोघीही नापास, असं मनाशी ठरवून त्यांनी निर्णय आषाढीवर ढकलला. आषाढीला दहा-बारा दिवस उरले होते.

१२ जुलै १९६१, बुधवार, अमावास्या. पानशेतचं धरण त्या सकाळी फुटलं. बांध रात्रीच खचू लागला होता. जवानांनी वाळूची पोती रचून तो जेवढा धरला, तेवढेच तास शहराला जास्तीचे मिळाले. पण ते तास नीट कुणाला कळलेच नाहीत. नदीकाठी कुणाला निरोप मिळाला, कुणाला नुसती अफवा, कुणाला थेट पाणी. मुठेला पूर पुणेकरांनी पुष्कळ पाहिलेले, त्यामुळे बरीच मंडळी पाणी बघायला नदीकडेच निघाली होती.

घरातले पुरुष कामावर गेलेले. धाकट्याची खडकीच्या कारखान्यात पहिली पाळी होती. शेजारचा मुलगा ओरडत आला, "काकू, धरण फुटलंय, निघा!" तेव्हा सासूबाई पहिलं काय बोलल्या असतील? "कुलपं बघा." कोठी, फडताळ, देवघर, तिजोरी, एकेक कुलूप त्यांनी स्वतः ओढून पाहिलं. माळ्यावर चढून ट्रंकासुद्धा पाहिल्या. आज आपल्याला हे वेडेपणाचं वाटतं, पण घर सोडून जायचं म्हणजे कुलूप लावायचं हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं होतं. चोरापासून वाचवायची रीत त्यांना ठाऊक होती. नदीपासून वाचवायची कुणालाच नव्हती.

त्या माळ्यावरून उतरल्या तेव्हा मोरीतून पाणी उलटं वर येत होतं. पुढच्या दाराशी गुडघाभर झालं, मग मांडीएवढं, आणि त्याला ओढ इतकी की थोरलीनं उंबऱ्याबाहेर टाकलेला पाय तसाच मागे घेतला. आता एकच वाट. मागचं दार, बोळ, आणि बोळातून चढाकडे.

सासूबाईंनी छल्ला उपसला. हात थरथरत होते तरी किल्ली पहिल्या झटक्यात सापडली. त्यात त्या कधी चुकल्या नाहीत. किल्ली कुलपात गेली आणि फिरेना. कित्येक वर्षांत ते उघडलंच नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावला, किल्ली किंचित वाकली. मुलं रडायला लागली.

"आई, जरा सरा," धाकटी म्हणाली.

तिनं कुलपाला हात लावला नाही. कुलूप अलिगढचं, भक्कम. पण ते ज्या कोयंड्यात अडकवलं होतं, तो चौकटीला चार स्क्रूंवर होता. तिनं पिशवीतून तेलाची कुपी काढून प्रत्येक स्क्रूवर थेंब सोडला, मनात काहीतरी मोजलं, आणि मशीनचा स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसवला. पहिला स्क्रू करकरत फिरला. दुसरा लगेच आला. तिसऱ्याची खाच झिजलेली, तो चिमट्यानं धरून फिरवावा लागला. तोवर पाणी पिंढऱ्यांपर्यंत आलं. चौथा काही केल्या हलेना. तो थोरलीनं काढला. दोन पावलं मागे सरली आणि दाराला अशी लाथ घातली की कोयंडा, कुलूप आणि त्यातली वाकलेली किल्ली, सगळं बोळात जाऊन पडलं. कडीच हिसकली, आणि बाकीच्या दहा किल्ल्या मात्र छल्ल्यासकट सासूबाईंच्या मुठीत राहिल्या. आश्चर्य म्हणजे सासूबाईंनी खाली वाकून अकरावी किल्लीसुद्धा कुलपातून खेचून घेतली, आणि मगच त्या धावल्या.

दुपारी खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही गेलं, आणि पाणी आणखी चढलं. लकडी पूल पाण्याखाली होता. वाडे मातीच्या विटांचे. ते पाण्यात उभे राहिले आणि पाणी ओसरल्यावर बसले. हा वाडाही त्यात गेला.

माणसं सगळी वाचली होती, आणि त्या आठवड्यात पुण्यात असं म्हणता येणारी घरं नशीबवान होती. शुक्रवारातल्या नातेवाइकांकडे दोन रात्री काढून हे कुटुंब एका शाळेतल्या छावणीत आलं. पुरुष ढिगारा उपसत होते. चौथ्या दिवशी तिजोरी सापडली, चिखलात तोंडावर पडलेली, कुलूप शाबूत. सासूबाईंना बोलावणं गेलं. त्यांनी बरोबर किल्ली काढली, या खेपेला ती फिरलीही. आत नोटांचा आणि कागदांचा एकच लगदा झाला होता. थोड्या वेळानं त्या एवढंच म्हणाल्या, "पाण्याला किल्ली लागत नाही." बाकीची कुलपं सापडली नाहीत. ज्यांना ती होती त्या वस्तूच नव्हत्या.

छावणीत शिवणयंत्र नव्हतं, पण पिशवी होती. वर्गावर्गात चार-चार कुटुंबं, मध्ये आडोसा नाही. धाकटीनं दाभणानं रिकामी पोती जोडून पडदे केले. वाटपात आलेले कपडे कुणाला ढगळ, कुणाला तोकडे, ते मापाचे करायला बायकांची रांग लागली. ढिगाऱ्यात अनवाणी फिरलेल्या माणसांच्या पायांत काचा आणि खिळे होते. तिथं चिमटा चालला. स्टोव्ह सगळ्यांचे चिखलानं तुंबलेले, तिथं पिना संपल्या. ज्यांना आपण ओळखतही नाही असे लोक दारात येऊन विचारायचे, "त्या धोकटीवाल्या बाई कुठं बसतात?" सासूबाई ते ऐकायच्या. धोकटी हा शब्द आपलाच, हे त्यांना ठाऊक होतं.

खरी कमाल थोरलीनं केली, आणि गोष्ट सांगणारे तिला नेमकी विसरतात. छावणीत धान्य, पीठ, साखर पोत्यांनी येत होती आणि वाटायची कशी यावरून रोज भांडण. बारा वर्षं दुसरीच्या किल्लीनं घर चालवलेल्या या बाईला कुठल्या घरात किती तोंडं, कोण बाळंतीण, कोण पथ्याचा, हे दोन दिवसांत पाठ झालं. ती उघड्या पोत्यापाशी वाटी घेऊन बसायची. कुलूप नाही, फडताळ नाही. एकदा एका म्हाताऱ्यानं दुसऱ्यांदा साखर मागितली. शेजारीण पुटपुटली, "आत्ताच नेली की यांनी." थोरलीनं वाटी भरली. "नातू तापलाय त्यांचा," ती म्हणाली, "सरबताला न्यायची असेल." कशाला, हे तिनं त्या म्हाताऱ्याला विचारलं नाही.

सासूबाई भिंतीला टेकून बसून असत. छल्ला कमरेला, किल्ल्या अकरा, आणि त्यांतली एकही कशाला लागत नव्हती. चालताना आवाज मात्र तसाच व्हायचा. एका लहान पोरीनं विचारलं, "आजी, तुमची कुलपं कुठायत?" त्यांना उत्तर सुचलं नाही.

आषाढीच्या सकाळी त्यांनी धाकटीला हाक मारली. "धाकटे, तुझा तो चिमटा आण."

चिमट्यानं त्यांनी कडीचं तोंड उकललं आणि एकेक किल्ली काढून पदरात टाकली. मग कात्री मागितली, ती एका साखळीला अडकवली. दुसऱ्या साखळीला चिमटा. तिसरीला दोऱ्यानं बांधलेली सुयांची बाटली. छल्ला धाकटीपुढे धरला.

"माझ्या पिशवीला बंद आहे आई. वहिनींना द्या, मान त्यांचा."

थोरली म्हणाली, "मला आता काय करायचाय तो? पोत्याला कुठं कुलूप आहे?"

बारा वर्षं जिनं त्याची वाट पाहिली तीच असं म्हणाल्यावर सासूबाई गडबडल्या. बराच वेळ तो हातात धरून बसल्या. मग उठल्या आणि वर्गाच्या दाराशी, जिथं पूर्वी हजेरीची पाटी अडकवत तिथल्या खिळ्याला त्यांनी छल्ला अडकवला. "ज्याला लागेल त्यानं घ्यावं," त्या मोठ्यानं म्हणाल्या, "आणि काम झालं की परत अडकवावं."

बोलल्या खऱ्या, पण सवय जाते कुठं? पहिले दोन दिवस त्या खिळ्यासमोरच बसून राहिल्या. कोण काय नेतं, किती वेळानं आणतं, सगळ्यावर नजर. तिसऱ्या दिवशी दुपारी डोळा लागला आणि उठून बघतात तर कात्री नाही. त्यांनी छावणी डोक्यावर घेतली. "सांगत होते मी! जगात कुणावर विश्वास टाकायची सोय नाही!" थोरलीला बोलल्या, धाकटीला बोलल्या, पाणी भरायला आलेल्या पोरालाही बोलल्या. संध्याकाळी एक गृहस्थ आले. त्यांच्या दुकानाचं सामान गेलं होतं, फक्त धारेचा दगड उरला होता. त्यांनी कात्री साखळीला परत अडकवली. "बोथट झाली होती, आजी," ते म्हणाले, "धार लावून आणली." पैसे घेतले नाहीत.

सासूबाई त्यानंतर खिळ्यासमोर बसल्या नाहीत. थोरलीच्या शेजारी पोत्यापाशी बसू लागल्या. हात थरथरायचा म्हणून वाटी जास्तच भरायची, आणि थोरली ते चालवून घ्यायची.

पुढे पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या निसन हटमध्ये या कुटुंबाला जागा मिळाली. अर्धगोल पत्र्याची ती घरं, उन्हाळ्यात भाजून काढणारी, भिंत मध्ये इतकी पातळ की शेजाऱ्याची शिंक आपल्या घरात. तिथंही दाराशी खिळा ठोकला गेला. साखळ्यांवर कधी कात्री असायची, कधी स्क्रू ड्रायव्हर, एकदा तर कुणाचं तरी थर्मामीटर, डबीसकट.

पदरात टाकलेल्या किल्ल्या सासूबाईंनी जपून ठेवल्या होत्या. दिवाळीच्या आधी एका बुधवारी त्या नातवाला घेऊन जुन्या बाजारात गेल्या. दुकानदारानं किल्ल्या उलटसुलट केल्या आणि विचारलं, "कुलपं आहेत का सोबत? नसली तर लोखंडाच्या भावानंच घेईन." अकरा किल्ल्यांचे चाळीस नये पैसे आले. त्यांतून त्यांनी स्टोव्हच्या पिनांची दोन पाकिटं घेतली, आणि एक धाकटीच्या पिशवीत न विचारता ठेवून दिलं.